एका मृदंगावर भागते का?

ज्याचा हात तयार असतो त्याला एकच वाद्य पुरते, दुसऱ्या-तिसऱ्या वाद्याच्या मागे लागतो तो हौशी, असे मानण्याची आपल्याकडे रीत आहे. गावच्या भजनी मंडळात हे ऐकू येते, शहरातल्या तबल्याच्या क्लासात ऐकू येते आणि बेस गिटार वाजवणाऱ्या पोराच्या घरीही ऐकू येते. घरात तीन गिटारी दिसल्या की पाहुणे हटकून विचारतात, एका वेळी वाजवणार किती? प्रश्न वरवर बिनतोड वाटतो. त्याला नैतिक वजनही आहे, कारण एकावर टिकून राहणे म्हणजे साधना आणि अनेक जमवणे म्हणजे चैन, हे समीकरण आपल्या मनात पक्के बसले आहे. माझ्या मते हे समीकरण खोटे आहे. शिकणाऱ्या मुलांच्या कानाचे आणि हाताचे त्यातून खरेखुरे नुकसान होते, म्हणून ते नीट उलगडून खोडले पाहिजे.

या तपासणीला मुंबई-पुण्याच्या मैफलीपेक्षा घोडेगाव बरे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नेवासे तालुक्याचे, नगर–छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरचे हे गाव कांद्याच्या आणि म्हशींच्या बाजारासाठी ओळखले जाते. शनिशिंगणापूरचा रस्ता इथूनच फुटतो. ज्ञानदेवांनी ज्या गावी ज्ञानेश्वरी सांगितली ते नेवासेही याच तालुक्यातले. या साऱ्या पट्ट्यात मृदंग, म्हणजे वारकऱ्यांचा पखवाज, ही रोजच्या वापरातली वस्तू आहे. हरिपाठाला तो लागतो, काकड्याला लागतो आणि सप्ताह बसला की सात दिवस त्याला उसंत नसते. मैफलीचा कलावंत वाद्ये का बाळगतो याच्या कारणांत हौस, प्रतिष्ठा आणि पैसा मिसळलेले असतात. सप्ताहाच्या मांडवात ती भेसळ नसते. तिथे वाद्य गरजेपुरतेच असते, म्हणून गरज किती हे तिथे स्वच्छ दिसते.

आधी पूर्वपक्ष, आणि तो त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे. तो म्हणतो की नाद हातात असतो, लाकडात नसतो. थोर तबलजी समोर येईल त्या तबल्यावर आपला ठसा उमटवतो. अहमदजान थिरकवाँचा बोल कुठल्याही पुडीवर ओळखू आला असता. दुसरे म्हणजे वाद्य मुरावे लागते. वर्षानुवर्षे एकाच वाद्यावर बसले की हात ते आंधळेपणानेही ओळखतो, आणि अनेकांत वाटला गेलेला हात कुठेच मुरत नाही. तिसरे असे की तबला आणि पखवाज स्वरात लावता येतात. गट्ठे आहेत, हातोडी आहे. पट्टी बदलली तर ठोकून घ्यावे, दुसरे वाद्य कशाला? यातला दुसरा मुद्दा मला अर्धा मान्य आहे, पहिला गैरलागू वाटतो आणि तिसरा साफ चुकीचा. सगळा घोळ तिसऱ्यात आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

हलगीवाल्याला दुसरी हलगी का लागत नाही? जत्रेत तो काटक्या-पाचट पेटवून हलगी शेकतो, कातडे ताठ झाले की वाजवतो, आणि तिचा स्वर कोणता हे त्याला कुणी विचारत नाही. विचारणारच नाही, कारण तिला ठरलेला स्वरच नाही. साध्या ताणलेल्या कातड्यावर थाप मारली की मूळ नादाबरोबर जे वरचे नाद उठतात ते त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा पूर्ण पटीत येत नाहीत. ते एकमेकांशी जुळत नाहीत, आणि कानाला आवाज कळला तरी स्वर कळत नाही. तबल्याच्या आणि पखवाजाच्या शाईने नेमकी हीच गोष्ट बदलली. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह १९२० साली ‘नेचर’ या नियतकालिकात आणि पुढे १९३४ साली स्वतंत्र लेखात हे दाखवून दिले की शाईच्या वजनामुळे पुडीचे वरचे नाद पूर्ण पटीत येऊन बसतात, जवळजवळ तारेच्या वाद्यासारखे. कातड्याला स्वर मिळाला तो असा. आणि स्वर मिळाला त्याच क्षणी बेसूर होण्याची शक्यताही मिळाली. हलगी बेसूर होऊच शकत नाही. तबला आणि पखवाज होतात. दुसऱ्या वाद्याची गरज इथे जन्मते, कुणाच्या हौसेत जन्मत नाही.

आता गट्ठ्यांकडे जवळून पाहू. पुडीच्या भोवती गजरा, गजऱ्याला सोळा घरे, घरांतून ओवलेली वादी आणि वादीखाली आठ लाकडी गट्ठे. (वादी म्हशीच्या कातड्याची, पुडी शेळीच्या, घोडेगावच्या बाजाराशी वाद्याचे हे एक मुके नाते आहे.) गट्ठ्यावर वरून ठोका दिला की तो खाली सरकतो, वादी ताणते, स्वर चढतो. मग गजऱ्यावर हलके ठोके देत सोळाही घरे एका स्वरात आणायची. ऐकताना वाटते, असेच ठोकत गेले तर कुठवरही जाता येईल. जाता येत नाही. एक पुडी तिच्या स्वाभाविक जागेपासून दोन-तीन अर्धस्वर इकडेतिकडे हलते, तेवढीच तिची सोय. त्याच्यावर ताणली तर नाद कोरडा होतो आणि एखाद्या जोरकस थापेला शाईच्या कडेने चीर जाते. फार उतरवली तर पुडी ढिली पडते, बोल बसतो, ‘ना’ आणि ‘तिं’ यांतला फरक पुसला जातो. म्हणून तबला तोंडाच्या मापाने घडवावा लागतो. सव्वापाच इंचांच्या आसपासचे तोंड काळी १ च्या पट्टीत खणखणीत बोलते. काळी ४ ला गाणाऱ्या बाईंच्या साथीला सहा इंचांचा किंवा त्याहून मोठ्या तोंडाचा ढाला तबला हवा. टिपेचा आणि ढाला या दोन तबल्यांत खोडापासून फरक आहे. हातोडीने एकाचा दुसरा होत नाही, मग ती हातोडी कितीही थोर माणसाच्या हातात असो. हात मोठा असला तर बोल सुंदर येईल; स्वर हाताच्या मोठेपणाला जुमानत नाही.

बासरीवाल्याकडे पाहा. त्याच्या पिशवीत दहा-बारा बासऱ्या असतात, आणि ही चैन आहे असे आजवर कुणी म्हटलेले नाही. पन्नालाल घोष यांनी खर्जासाठी लांब बासरी रूढ केली, म्हणून त्यांनी छोटी बासरी टाकून दिली असेही कुणी समजत नाही. मिरजेत तंबोरे बनतात ते पुरुषांच्या आणि बायकांच्या गळ्याला वेगळ्या मापाचे. एकाच घरात नवरा-बायको दोघेही गाणारे असतील तर तिथे दोन्ही मापांचे तंबोरे असतात. मग तबलजी आणि मृदंगवादकच संशयाचे धनी का? कारण बासरी ठोकून लावता येत नाही हे डोळ्यांना दिसते. तबल्याला गट्ठे दिसतात, म्हणून तो कुठेही लागेल असा समज होतो. दिसणाऱ्या सोयीने न दिसणारी मर्यादा झाकून टाकली आहे.

सप्ताहात ही मर्यादा रोज रात्री उघडी पडते. सात दिवसांचे सात कीर्तनकार आणि आठव्या दिवशी काल्याचे कीर्तन करणारे आठवे. मृदंगावर बसणारा मात्र बहुधा एकच, फार तर दोघे आलटून-पालटून. आज कीर्तनाला उभे राहिलेल्या महाराजांची पट्टी एक, उद्याच्यांची दुसरी. परवा एखाद्या ताई उभ्या राहतात (आता सप्ताहाच्या पत्रिकेत कीर्तनकार स्त्रियांची नावेही असतात) आणि पट्टी आणखीच लांब जाते. मागचे गायक, पेटीवाला आणि वीणेकरी यांना पट्टी बदलणे जमते. पेटीवाल्याने बोटे दोन पट्ट्या सरकवली की झाले. मृदंगवादकाकडे मात्र एकच पखवाज असतो आणि अभंगाचे धृपद सुरू होईपर्यंत चार-पाच मिनिटे. तो ठोकतो, ठोकतो, अर्ध्या स्वराने कमी पडतो आणि तसाच वाजवायला लागतो. श्रोत्यांना टाळांच्या गजरात ते कळत नाही. वाजवणाऱ्या मुलाला कळते. आणि तीन-चार सप्ताह असे गेले की त्यालाही कळेनासे होते. हे मला सगळ्यांत वाईट वाटते. एकनिष्ठेच्या नावाखाली आपण एका चांगल्या कानाला बेसुराची सवय लावतो.

याच जागी माझ्या मताला एक वळण घ्यावे लागते, आणि इथे पूर्वपक्षाला त्याचा वाटाही द्यावा लागतो. आतापर्यंत बोललो ते वाद्याच्या उजव्या तोंडाबद्दल. डाव्या तोंडाचा, खर्जाचा, न्याय वेगळा आहे.

पखवाजाच्या धुमेला, म्हणजे डाव्या तोंडाला, शाई नसते. तिथे कणीक लागते. कीर्तनाच्या आधी मृदंगवादक पंगतीच्या स्वयंपाकातून भिजवलेली कणीक मागून आणतो, बोटे ओली करून ती धुमेच्या मध्यभागी पुरीएवढी थापतो, कडेने दाबून पातळ करतो आणि थाप देऊन ऐकतो. नाद हलका वाटला तर आणखी चिमूटभर. फार जड झाला तर नखाने थोडी काढून घ्यायची. कणीक जास्त, तर खर्ज खोल. कीर्तन रंगेपर्यंत ती सुकू लागते, नाद बदलतो, म्हणून मधेच पाण्याचा हात फिरवायचा. कीर्तन संपले की ती खरवडून काढायची, कारण वाळलेली कणीक कातडे खाते आणि उंदरांना बोलावते. म्हणजे खर्ज रोज संध्याकाळी नव्याने घडतो. एकाच पखवाजाच्या डाव्या अंगात जितक्या पट्ट्या तितके खर्ज दडलेले आहेत, आणि कणकेचा गोळा त्यातला हवा तो बाहेर काढतो. त्या बाजूसाठी दुसरे वाद्य लागत नाही.

तबल्याच्या जोडीतल्या डग्ग्याचेही तसेच. त्याची शाई मध्यभागी न बसवता एका कडेला सरकवलेली असते, तोंड मोठे असते आणि मनगटाच्या दाबाने त्याचा नाद वर-खाली ओढता येतो. डग्ग्याचा स्वर मनगटात असतो असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. म्हणून चांगल्या तबलजीच्या घरी चार-पाच तबले आणि एकच आवडता डग्गा असे चित्र सर्रास दिसते. झाकीर हुसेन यांच्या अनेक मैफलींत समोर तीन-चार तबले आणि डाव्या हाताला एक डग्गा असे. तो माणूस उजव्या हाताने हौशी आणि डाव्या हाताने साधक होता असे म्हणायचे का? एकाच माणसाने एकाच बैठकीत अनेक आणि एक अशा दोन्ही गोष्टी बाळगल्या, कारण दोन हातांची कामे वेगळी होती. उजव्या हाताला गाणाऱ्याच्या गळ्याची आज्ञा पाळावी लागते. डाव्या हाताला पुष्कळसे स्वातंत्र्य असते. आज्ञा जितकी कडक आणि आज्ञा देणारे जितके निरनिराळे, तितकी वाद्ये जास्त. निष्ठेचा यात कुठेच संबंध येत नाही.

हे तत्त्व कातड्यापुरतेच खरे आहे का, हे बेस गिटारवर तपासता येते. खर्जाचे हे विलायती वाद्य गोव्या-मुंबईच्या वादकांनी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये आणले आणि ऑर्केस्ट्राबरोबर ते तालुक्याच्या गावापर्यंत पोचले. लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस काढला. त्याला सतारीसारखे पडदे होते आणि कुठल्याही पट्टीत बोटे नुसती सरकवून वाजवता येत होते. तबल्याची अडचण इथे मुळातच नाही. मग एकच बेस पुरायला हवा, आणि एका बेसवर आयुष्य काढणाऱ्यांत सर्वांत मोठे नाव जेम्स जेमरसनचे घेतले जाते. डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीच्या असंख्य गाण्यांत त्याचा बेस आहे. १९६२ चा एक प्रिसिजन, आणि त्याच्या तारा तुटल्याशिवाय तो बदलत नसे. एकनिष्ठेचे पुरस्कर्ते हा दाखला नेहमी देतात.

दाखला खरा आहे, निष्कर्ष खोटा. जेमरसन आधी उभा डबल बेस वाजवत असे आणि मोटाऊनच्या सुरुवातीच्या रेकॉर्डिंगमध्ये तोच ऐकू येतो. बेस गिटार नंतर आली. १९६२ च्या बेसच्या आधीचे त्याचे बेस चोरीला गेले होते, आणि हा बेसही १९८३ मध्ये त्याच्या मृत्यूच्या थोडे आधी चोरीला गेला. मुख्य म्हणजे तो एकाच कंपनीच्या एकाच स्टुडिओत, बहुतेक त्याच साथीदारांबरोबर वाजवत होता, आणि कंपनीला प्रत्येक गाण्यात तोच ओळखीचा नाद हवा होता. आज्ञा देणारा एकच होता. त्याच काळात घडवलेल्या दुसऱ्या एका बेसची गोष्ट पाहा. जॅको पास्टोरियस आपला १९६२ चा जॅझ बेस बिनपडद्यांचा वाजवत असे, म्हणजे स्वर डबल बेससारखा ओढता यावा. आणि पडदेवाला दुसरा बेसही ठेवला. त्याला दोन तऱ्हेचे संगीत वाजवायचे होते, आणि एकाच बेसवर पडदे असणे आणि नसणे एकाच वेळी शक्य नाही. त्याची साधना जेमरसनपेक्षा कमी होती असे कुणी म्हणणार नाही.

लग्नाच्या, गणपतीच्या ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या मुलाची अडचण अधिक साधी आहे. चार तारांच्या बेसची सर्वांत खालची मोकळी तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने देते. त्याखाली वाद्य जात नाही. गायकाचा घसा बसला आहे, गाणे दोन अर्धस्वर उतरवा असे ऐन वेळी ठरले की मूळ स्वर तारेच्या खाली निघून जातो. मग तो वरच्या सप्तकात घ्यायचा, आणि गाण्याच्या बुडातले वजनच नाहीसे होते. पाच तारांच्या बेसची खालची तार सुमारे ३१ कंपनांची असते. तो जवळ असेल तर काहीच बिघडत नाही. चार तारांच्या बेसची हलकी दांडी आणि बोटांखालची ऐसपैस जागा पाचवाल्यात मिळत नाही, म्हणून दोन्ही ठेवायचे. रोज रात्री वेगळ्या गायकाला साथ करणाऱ्याला दोन लागतात. एकाच बँडमध्ये तीच वीस गाणी वाजवणाऱ्याला एक पुरतो. सप्ताहातल्या मृदंगवादकाचीच ही कथा आहे.

थिरकवाँसाहेबांचा दाखलाही याच उजेडात पाहावा. महाराष्ट्राने त्यांची साथ मनात जपली ती मुख्यतः गंधर्व नाटक मंडळीतली. तिथे मुख्य गळा बालगंधर्वांचा, सारंगी कादरबक्षांची, ऑर्गन कंपनीचे. वर्षानुवर्षे एकाच गळ्यामागे बसणाऱ्याला एक जोड पुरली असेल तर त्याचे श्रेय त्या बैठकीला आहे. त्यांच्या हाताची थोरवी निर्विवाद. पण त्या थोरवीवरून वाद्यांची संख्या ठरवणे हा तर्क टिकत नाही.

राहिला मुरण्याचा मुद्दा. डाव्या हातासाठी तो मी मान्य करतो. डग्ग्याचे वजन, त्याच्या काठाची उंची, मनगट किती आत गेले की नाद किती चढतो हे सारे एकाच डग्ग्याशी दीर्घ सहवासातूनच कळते, आणि शिकणाऱ्याने डग्गा शक्यतो बदलू नये असेच मी म्हणेन. उजव्या बाजूला मात्र ‘तीस वर्षांचा तोच तबला’ या बोलण्यात फारसे तथ्य नाही. रोज वाजवणाऱ्याची शाई उडते, चाट झिजते, पुडी बदलावी लागते. तीस वर्षे टिकते ते शिसवाचे खोड. ज्यावर बोट पडते ती वस्तू कित्येकदा नवी झालेली असते. एकाच पुडीवर रोजचा सगळा भार टाकला तर ती आणखी लवकर जाते. पावसाळ्यात तर हवा दमट झाली की सकाळी लावलेला पखवाज दुपारी उतरलेला असतो, आणि वारीच्या वाटेवर ज्याच्याजवळ दुसरा नाही तो भिजल्या कातड्याशी झगडत राहतो.

भिंतीवर टांगून ठेवायला वाद्ये घेणारेही असतात, हे मला ठाऊक आहे. त्यांची बाजू मी घेत नाही. कुठल्या गळ्यासाठी, कुठल्या पट्टीसाठी हे सांगता येत नसेल तर दुसरे वाद्य घेऊ नये, इतके म्हणून तो विषय सोडतो; आपल्या गावांचा प्रश्न जास्त वाद्यांचा कधीच नव्हता.

प्रश्न आहे तो हा, की पखवाज शिकणारा मुलगा दुसऱ्या पखवाजाचे नाव काढायला लाजतो. घरची शेती बेताची, पहिला पखवाजच मोठ्या मुश्किलीने आलेला, आणि त्यात मंडळातली वडीलधारी माणसे म्हणतात, आधी हात तयार कर. हात तयार झाला तरी काळी ५ चा पखवाज काळी १ ला उतरत नाही, हे त्याला कुणी सांगत नाही. तो स्वतःलाच कमी समजतो. सप्ताहाच्या वर्गणीतून मंडप येतो, स्पीकर येतात, दर वर्षी नवी पातेली येतात. त्याच वर्गणीतून मंडळाने स्वतःच्या मालकीचे दोन पखवाज घ्यावेत: एक उंच पट्टीचा आणि एक तोंडाने मोठा, ढाल्या पट्टीचा. ते मंदिरात कोरड्या जागी ठेवावेत, धुमेची कणीक त्याच रात्री खरवडण्याची जबाबदारी शिकणाऱ्या मुलांवर सोपवावी, आणि सप्ताहाची पत्रिका छापताना प्रत्येक कीर्तनकाराची पट्टी फोनवर विचारून एका वहीत लिहून ठेवावी. मग त्या मुलाला त्या रात्रीचा पखवाज संध्याकाळीच काढून, हरिपाठाच्या आधी, सावकाश सोळा घरांवर लावता येईल.